जिन्यात सापडणारे केस माझे नाहीत

शनिवार, ३ मार्च. सकाळ.
गुड्रूनचा फोन आला. म्हणाली, आई आता काठी न घेता बाजारात जाते. म्हणजे परिस्थिती गंभीरच आहे. या वयात काठी न घेता हिंडणं किती धोक्याचं! गुड्रूनला अजून काही आठवडे बीबराखला माहेरी राहावं लागणार हे उघड आहे. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली होती. हाडांचं असंच असतं, वेळ घेतात.
फोन ठेवता ठेवता म्हणाली, "हार्टमूट, जरा स्वतःकडे बघ."
गुड्रून उगाच तोंड वाजवणारी बाई नाही. काहीतरी अर्थ असणार.

त्याच दिवशी, दुपारी.
बाथरूमच्या आरशात स्वतःकडे बघितलं. नीट. दिवा लावून.
कळलं. केस!
केस आहेत, त्याबद्दल वाद नाही. सत्तावन्नाव्या वर्षी पाठीच्या मध्यापर्यंत. न्युर्टिंगेन नगरपालिकेच्या पाणी-मीटर खात्यात असे केस दुसऱ्या कोणाचे नाहीत, बायका धरून. पण चकाकी गेली आहे. टोकं पार केरसुणी झाली आहेत. आणि गुड्रून माझ्यावर भाळली ती या केसांमुळेच. गावच्या नाचाच्या कार्यक्रमात तिने मला पाठमोरा बघितलं आणि बघतच राहिली. (तिला आधी मी मुलगी वाटलो होतो, पण तो भाग वेगळा.) मी हयगय केली. तिला ते खुपलं. बोलली नाही इतके दिवस, बिचारी.
ठरलं. ती परत यायच्या आत केस पूर्वीसारखे. आता माघार नाही.

रविवार, ४ मार्च.
दिवसभर वाचन. माझा प्लास्टिकचा ब्रश कचऱ्याच्या डब्यात टाकला. प्लास्टिक म्हणजे केसांना विष. हवा रानडुकराच्या केसांचा ब्रश. तो डोक्यावरचं नैसर्गिक तेल उचलतो आणि मुळापासून टोकापर्यंत नेऊन पोचवतो. रोज शंभर हात मारायचे. साधी, सोपी, शास्त्रशुद्ध सिस्टिम. इतकी वर्षं माझं तेल वरच पडून होतं, खाली टोकं उपाशी. मीटर खात्यात राहून मला हे सुचू नये? पाणी आहे, पण वाटप नाही. तीच गोष्ट.

शनिवार, १० मार्च.
आठवडी बाजारात गेलो. ब्लॅक फॉरेस्टमधली एक बाई ब्रशांचं दुकान मांडून बसते, तिच्याकडे. घोड्याचे, बकऱ्याचे, डुकराचे, सगळ्यांचे ब्रश. मी म्हटलं, लांब आणि दाट केसांसाठी द्या. तिने न विचारता माझी वेणी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि सगळ्यात मऊ ब्रश पुढे ठेवला. म्हणाली, "हा घ्या. तुमच्यासारख्या नाजूक केसांना बरा. बाळंतिणी बाळासाठी हाच नेतात."
मी सगळ्यात कडक कोणता ते विचारलं. तिने दाखवला. म्हणाली, "हा असला तसला नाही हं. याला डोक्यावर जंगल लागतं." मी म्हटलं, जंगलच आहे. "असेल बाई," असं मला म्हणाली आणि गुंडाळून दिला. वर बाटल्या धुवायचा एक ब्रश, बुटांचा एक आणि मशरूम साफ करायचा एक असे तीन गळ्यात मारले. मला मशरूम आवडत नाहीत.
पण ब्रश काय आहे! पेअरच्या झाडाच्या लाकडाची मूठ. केस असे ताठ की तळहातावर घासला तर रक्त यायचं बाकी राहिलं. क्वालिटी.

रविवार, ११ मार्च.
ब्रश अस्सल आहे की नाही याची परीक्षा केली. वाचलं होतं की एक केस जाळून बघावा. खरा असेल तर जळक्या केसाचा वास येतो, प्लास्टिक असेल तर वितळतं. चिमट्याने ब्रशचा एक केस उपटला. मेणबत्ती लावली. नीट बघायला वाकलो.
ब्रशचा केस अस्सल आहे. माझ्या पुढच्या बटीचेही केस अस्सल आहेत. वास हुबेहूब सारखा.
छताची धुराची घंटा वाजू लागली ती थांबेना. रविवारी, तेही जेवणानंतरच्या शांततेच्या वेळात! समोरच्या एप्लेबाई दारात हजर, मागे त्यांचा लांब केसांचा डॅक्सहुंड मोरित्स भुंकतोय. "अहो केखेले, घर पेटवताय का? निदान सोमवारी तरी पेटवा!" मी म्हटलं, शास्त्रीय प्रयोग चालू आहे. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि कुत्र्याला आत घेतलं.
उजवी भुवई थोडी कमी झाली आहे. भुवया माझ्या तशाही जास्तच होत्या.

सोमवार, १२ मार्च.
शुभारंभ. वाकून, मानेपासून कपाळाकडे, मग सरळ उभं राहून कपाळापासून टोकांकडे. साठाव्या हाताला खांदा धरला. उरलेले उद्या जोडून मारीन.
ब्रश भरून केस निघाले. घाबरण्यासारखं काही नाही. हे मेलेले केस. जागा अडवून बसले होते. ते हलल्याशिवाय नव्यांनी यायचं कुठून?

शनिवार, १७ मार्च.
आमच्या मजल्यावर दोनच घरं. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी एक आठवडा एप्लेबाईंची, एक आठवडा आमची. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. हा आठवडा त्यांचा.
मी पाव घेऊन वर येत होतो, त्या सुपली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "जरा बघा हो. एका आठवड्याचे आहेत." सुपलीत केसांचा पुंजका, चांगला मुठीएवढा. लांब. मी म्हटलं, मोरित्सचं केस गळणं वाढलेलं दिसतंय. त्या म्हणाल्या, मोरित्स तांबडा आहे, हे केस पांढरे आहेत. मी म्हटलं, वय झालं की कुत्रीही पिकतात. "हात हात लांब केस, केखेले? माझा कुत्रा जमिनीपासून वीतभर आहे!"
बाईंना कुत्र्याविषयी काही ऐकून घेता येत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसांचं असं होतं.

शनिवार, २४ मार्च.
आमची पाळी. एरवी गुड्रून करायची. ती गेल्यापासून मी करतो, म्हणजे करणार असतो. आज खरंच केलं. एप्लेबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून देखरेख करत होत्या. "गुड्रून आधी कोपरे घ्यायची. कोपरे! आणि वरून खाली यायचं हो, खालून वर नाही." मी म्हटलं, ती लवकरच येते आहे, मग तीच घेईल कोपरे. "हो का," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.
त्या "हो का" मध्ये मला मत्सर दिसला.
मी झाडता झाडता मागच्या झाडलेल्या पायऱ्यांवर पुन्हा केस दिसत होते. मोरित्स कुठून सटकतो कळत नाही.

रविवार, १ एप्रिल. ईस्टर.
गुड्रून आली नाही. रोपवाटिकेत तिला काम लागलंय, आठवड्यातून तीन सकाळी, आणि ईस्टरला तिथे गर्दी असते म्हणे. आईच्या काळजीने मन लागत नसणार, म्हणून बिचारी जीव रमवते.
फोनवर मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, गुड्रून, तू म्हणालीस ते मनावर घेतलंय. मी स्वतःकडे बघतोय.
  मग म्हणाली, "खरंच?" आवाज असा मऊ, की मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.
मी म्हटलं, रोज. शंभर शंभर वेळा.
"अरे, इतकंही नको," असं म्हणून हसली. मग म्हणाली, "मला वाटलं नव्हतं हार्टमूट, की तू कधी... जाऊ दे. सोपं नसणार ते."
मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, सुरुवातीला दुखतं. वर्षानुवर्षं साचलेलं असतं ना, ते ओढून काढावं लागतं. पण मुळापर्यंत गेल्याशिवाय काही होत नाही.
तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, एकदा सावकाश बोलू या.
आनंदाने आज दीडशे हात मारले. डोकं जरा सोललं आहे.

शनिवार, ७ एप्रिल.
पाळी आमची, पण पाठ धरली आहे. कोपरे पुढच्या वेळी.
एप्लेबाईंनी मोरित्सला भादरून आणला. सगळा. मुंडी, शेपूट, काही ठेवलं नाही. जिन्यात थरथरत उभा होता, सोललेल्या सॉसेजसारखा. त्या मला म्हणाल्या, "आता बघू."
काय बघू? विचित्र बाई.

शनिवार, १४ एप्रिल.
एप्लेबाईंची पाळी. सुपली घेऊन दार वाजवलं. नुसती सुपली दाखवली. मी म्हटलं, जुने केस फटींमध्ये साठून राहिलेले असतात, वारा आला की वर येतात. मोरित्स त्यांच्या मागून माझ्याकडे बघत होता. नजर चांगली नव्हती.

बुधवार, १८ एप्रिल.
ब्रश धुवायला हवा. त्यात तेल, धूळ आणि माझे मेलेले केस असं सगळं जमलं होतं. पुस्तकात लिहिलंय: कोमट पाणी, थेंबभर शॅम्पू, फक्त केस बुडवायचे, लाकूड भिजू द्यायचं नाही, केसांची बाजू खाली ठेवून वाळवायचा. हे असं नाजूक काम रिकामटेकड्या लोकांसाठी. मी मसूर शिजवायच्या पातेल्यात उकळतं पाणी घेतलं, भांड्याचा साबण घातला, आणि ब्रश आख्खा सोडला. रात्रभर मुरू द्यायचा. तेल आहे, ते असं लाडाने निघत नाही.

गुरुवार, १९ एप्रिल.
मूठ फुगली आहे. ब्रशच्या केसांखालच्या रबराच्या गादीत पाणी शिरलं आहे. दाबली की डोळ्यांत उडतं. हीटरवर ठेवला.
मसुरांना साबणाची चव. तरी खाल्ले.

शनिवार, २१ एप्रिल.
मोठा शोध! ब्रशचे केस गळतायत. सकाळी विंचरताना बेसिनमध्ये राठ, काळे तुकडे पडले. म्हणजे इतके दिवस जिन्यात जे सापडतंय ते ब्रशचं असणार. माझ्या कोटाला चिकटून जातं आणि पायऱ्यांवर पडतं. मोरित्स निर्दोष आहे. लगेच एप्लेबाईंना सांगितलं, मोठ्या मनाने.
त्या म्हणाल्या, "डुकराचे केस हातभर लांब? कुठल्या जंगलातलं डुक्कर हो?"
मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "केखेले, माझ्या नवऱ्याचेही गेले होते. शेवटच्या वर्षी. काही वाईट दिसत नव्हता." आणि हातात मळलेल्या पिठाची वाटी दिली. म्हणाल्या, एकट्यासाठी नूडल्स कोण करत बसतं.
त्यांच्या नवऱ्याचा काय संबंध? पण नूडल्स चांगल्या झाल्या.

मंगळवार, ८ मे.
ऑफिसात साहेबांनी विचारलं, डोक्याला काय झालं, पट्टी का लावलीय. म्हटलं, रक्ताभिसरण वाढवतोय. त्यांनी मला पंधरा दिवस बाहेरच्या मीटर-वाचनाचं काम दिलं, मोकळ्या हवेत. समजूतदार माणूस.
बाहेर वारा फार. घराघरांतून एकच तक्रार, मीटरच्या खोलीत केस सापडतात. शहरात केस गळतीची साथ आहे, कोणी लिहीत कसं नाही?

रविवार, २० मे.
गुड्रूनचा फोन. शनिवारी दोन जूनला येते. स्वतःहून! "बोलू या," म्हणाली. "मलाही तुला काही सांगायचंय. तू एवढं स्वतःवर काम करतोयस, मग मीही खरं सांगायला हवं."
मी म्हटलं, ये तर. बघ तरी.
"बघीन ना," म्हणाली.
तेरा दिवस आहेत. आता हयगय नाही. दिवसातून दोनदा ब्रश. ब्रशच्या मधोमध टक्कल पडलं आहे, पण कडेच्या ओळी शाबूत. तेवढ्या पुरतात.

शुक्रवार, १ जून. संध्याकाळ.
मसूर भिजत घातले. नूडल्सचं पीठ एप्लेबाईंनी दिलं, न मागता. सॉसेज आणले, तिला आवडतात ते बारीक. पाळी आमची आहे, जिना उद्या सकाळी झाडीन. आधी केस महत्त्वाचे.
केस धुतले. ओल्यावर ब्रश फिरवू नये असं लिहिलंय. पण ओल्यावर फिरवला तर तेल जास्त लांब जाईल असा माझा हिशोब. पाणी वाहतं, तेल सोबत जातं. मीटर खात्यातला अनुभव.

त्याच दिवशी, जरा वेळाने.
बेसिन तुंबलं.
जे निघालं ते निघालं. उरलेले चांगले आहेत. उद्या खिडकीकडे पाठ करून बसायचं. दुपारचं ऊन मागून आलं की केस पेटल्यासारखे दिसतात. तिने स्वतः म्हटलं होतं एकदा, खूप पूर्वी.

शनिवार, २ जून.
आली. अकराच्या बसने.
तिने केस कापलेत. एकदम छोटे, कानावर. मी काही म्हटलं नाही; आपली पण काही सभ्यता असते. वजन कमी झालंय, चेहरा उन्हाने रापलाय. चांगली दिसते. मी म्हटलं, आईची सेवा करून दमलीस. म्हणाली, आई ठीक आहे हार्टमूट, आई मार्चपासून ठीक आहे.
खिडकीकडे पाठ करून बसलो. ऊन बरोबर होतं. ती समोर. वाट बघत राहिलो. ती मसुरांकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग माझ्या तोंडाकडे. केसांकडे नाही.
मग तिनेच विषय काढला. म्हणाली, "तू म्हणालास तू स्वतःकडे बघतोयस. रोज. मी त्यावर फार विचार केला. रडलेसुद्धा. सांग ना, काय दिसलं तुला?"
मी उठलो आणि वळलो. केस सोडून तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, हात जरा बाजूला घेऊन.
मागून काही आवाज येईना. मला वाटलं, भारावली.
जरा वेळाने म्हणाली, "हे?"
मी म्हटलं, रानडुकराचा ब्रश.
 मी वळलो, तेव्हा तिने तोंडावर हात धरला होता. हसत होती की काय, ते मला सांगता येत नाही. डोळे पुसले तिने. म्हणाली, "अरे हार्टमूट," आणि चमचा उचलला. मग मसूर खाल्ले आम्ही. दोनदा घेतले तिने.
जेवण झाल्यावर सांगितलं. बीबराखलाच राहणार. रोपवाटिकेत पूर्णवेळ घेतायत. तिकडे खोली बघितली आहे, आईच्या घरापासून वेगळी. कोणी दुसरा वगैरे नाही, म्हणाली, तसं काही मनात आणू नकोस. तिला तिकडे सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच. इथे वाटायचं नाही. तीस वर्षांत एकदा तरी स्वतःला विचारशील, हिला काय हवंय, म्हणून वाट बघितली, म्हणाली, आणि ईस्टरला वाटलं की विचारलंस.
मी म्हटलं, केस अजून पूर्ण झालेले नाहीत. सहा महिने लागतात.
ती म्हणाली, "केस छान आहेत रे." पहिल्यांदाच म्हणाली. पण बघून नाही.
कोट घातला आणि दार उघडलं तर आमच्या दारावर पाळीची पाटी. थांबली. विचारलं, जिना झाडलास? मी पाटी सरळ केली. तिने कोट काढला. बाही वर केली. मी म्हटलं, राहू दे ना, तुझी कुठे पाळी आता. म्हणाली, "पाटी लटकतेय, जिना घाण आहे, मी अशी उतरून जाऊ?" कोपऱ्यातून झाडू घेतला आणि वरून खाली सुरुवात केली. आधी कोपरे. एप्लेबाईंनी दार उघडून बघितलं आणि हळूच लावून घेतलं. मी वरच्या पायरीवर उभा होतो. तिच्या सुपलीत काय जमत होतं ते तिला दिसत होतं.  मग बादली आणून पुसलं. कठडासुद्धा.
दोनच्या बसने गेली.

रविवार, ३ जून.
काही नाही.

सोमवार, ४ जून.
ऑफिसला कळवलं, बरं नाही. तसं काही झालेलं नाही. पण खाली जायचं म्हणजे जिना आला, आणि जिना गुड्रूनने झाडलेला आहे.
दूध संपलं. कॉफी तशीच घेतली. पावाचं टोक उरलंय.
दुपारी एप्लेबाई पाटी न्यायला आल्या. आजपासून पाळी त्यांची. मी पाटी दिली नाही. म्हटलं, थोडे दिवस राहू द्या आमच्याकडे. त्या जिन्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मला वाटलं आता नियम काढतील. म्हणाल्या, "बरं. या आठवड्यात नाही झाडत मी." या इमारतीत एप्लेबाईंनी पाळी चुकवल्याचं कोणाला आठवत नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
दुकान बंद व्हायच्या आत उतरावंच लागलं. डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळला, केस सगळे आत खोचले, कोटाची कॉलर वर केली. एकेक पायरी, कडेकडेने. कठड्याला हात लावला नाही.
दूध आणलं.
वर येताना प्रत्येक पायरी वाकून बघितली. एकही पडला नव्हता.